चौदा वर्षांची झडप

मालेमला आत नेऊन दोन तास झाले होते आणि उकुर अजून उभाच होता.

बसायला जागा नव्हती असं नाही. भिंतीला लागून पाच लोखंडी खुर्च्या होत्या, एकाच दांड्यावर बोल्टांनी आवळलेल्या. पहिल्या खुर्चीवर नांदे मालेम बसली होती. नांदे मालेम म्हणजे मालेमची आई. तिला तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारणारं गावात आता कुणी उरलं नव्हतं. बाकीच्या चार खुर्च्या रिकाम्या. पण दांडा एक म्हणजे फळी एक, आणि सासू नि जावई एका फळीवर बसत नाहीत. एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांच्या हातून वस्तू घेत नाहीत. मध्ये कुणी तिसरं असेल तर गोष्ट वेगळी. या पाळणुकीला रेबू म्हणतात. खुर्च्या बनवणाऱ्याला कारो लोकांच्या रीती ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

ती उठून भिंतीशी उभी राहिली असती तर त्याला बसता आलं असतं. पण तिचे गुडघे बहात्तर वर्षांचे होते, आणि कुणासाठी उठायची सवय तिला तशीही नव्हती. तिच्यासाठी लोक उठत.

रीत पाळावी तर तिनंच, असा डोंगरावरच्या ब्रास्तागीच्या बाजारात तिचा लौकिक होता. खाली मेदान शहरातल्या आजकालच्या सासवा जावयाशी तोंडाला तोंड लावून बोलतात, खिदळतात. "उद्या मांडीवर बसतील," असं ती संत्र्यांच्या ढिगाआडून चार जणींना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायची. लग्नाला तेरा वर्षं झाली, तिनं उकुरला एक शब्द थेट म्हटला नव्हता. जे म्हणायचं ते मालेममार्फत.

"मालेम, सांग तुझ्या नवऱ्याला, गाडी फार हाणतो."

उकुर तिथंच हातभर अंतरावर जेवत असायचा. "मालेम, सांग मामींना, गाडी नाही हाणली, रस्ताच उतरता होता."

मालेम दोघांकडे बघून म्हणायची, "ऐकलंत ना दोघांनी? मग मला दोन घास खाऊ द्या."

आज निरोप पोचवणारीच आत टेबलावर छाती उघडून पडली होती.

नांदे मालेमनं डोक्यावरची कापडाची जाड घडी सारखी केली. डोंगरावर ही घडी उबेला बरी वाटते. मेदानच्या उकाड्यात तिच्याखालून घाम मानेवर उतरत होता. पण ती काढून ठेवून बसायला ती काही कोपऱ्यावरची चहावाली नव्हती. मांडीवर पानाची पिशवी, शेजारच्या खुर्चीवर कॉफीचा थर्मास. पिशवीत पान, चुना, तंबाखू, आणि तळाशी चौदा वर्षांपूर्वीचा एक कागद. तो कागद तिनं काल रात्री ट्रंकेतून काढला होता. का काढला ते तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

त्याचं असं झालं होतं.

पाच दिवसांपूर्वी याच दवाखान्यात, खालच्या मजल्यावर, डॉक्टर मेउतियाबाईंनी तिघांना समोर बसवून समजावलं. म्हणजे मालेम नि तिची आई बसली, उकुर दाराशी उभा. बाई तरुण, चष्मेवाली, बोलायला सरळ.

"चौदा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "हृदयात बसवलेली जनावराची झडप या वयात इतकी चालली हेच पुष्कळ. चुना धरलाय तिनं, नीट उघडत नाही. म्हणून चर्चच्या चार पायऱ्या चढताना भोवळ येते. दरवर्षी तपासायला आला असता तर हे आधी कळलं असतं. आता घाई आहे."

"दरवर्षी?" उकुरनं दारातून विचारलं.

"हो. पहिल्याच वेळी सांगतात. तरुण माणसात दहा ते पंधरा वर्षं, मग पुन्हा बदलायची. कागदावर लिहूनही देतात. तुम्हाला माहीत नव्हतं?"

उकुरनं मालेमकडे बघितलं. मालेम म्हणाली, "मला कुणी सांगितलं नाही."

डॉक्टरबाईंनी म्हातारीकडे मान वळवली. "तेव्हा बरोबर कोण होतं? तुम्हीच ना?"

"होते," नांदे मालेम म्हणाली. "पण चौदा वर्षं झाली, बाई. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात काय राहतं?"

चाळीस वर्षांपूर्वी कुणाच्या लग्नात आपल्याला कुणी शेवटच्या पंगतीत वाढलं हे जिला ताटातल्या तुकड्यासकट आठवत होतं, त्या बाईनं हे म्हटलं. डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि विषय पुढं नेला: या खेपेला धातूची बसवू, ती बहुतेक जन्मभर जाते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागेल. मूल पुन्हा हवंय का? नको असेल तर धातूचीच बरी.

एवढं बोलणं संपत आलं तेव्हा नांदे मालेमनं एक प्रश्न विचारला होता. "ती चुना का धरते? नासकी होती का?"

"नासकी नव्हती, आजी. शरीर तरुण असलं की सगळंच जोरात चालतं, चुनाही जोरात चढतो. तीच झडप तुमच्या वयाच्या बाईला बसवली असती तर वीस वर्षंसुद्धा गेली असती."

"म्हणजे माझ्यात टिकली असती आणि हिच्यात नाही."

"असंच काहीसं."

 हे तिला कुणी शिकवायला नको होतं. बागेत जे झाड कोवळेपणी झटून फळतं, पहिल्या पाच वर्षांत फांद्या मोडतील इतकी संत्री देतं, ते आधी वाळतं. शेजारचं मेंगळट झाड पंचवीस वर्षं उभं असतं.

परतीच्या वाटेवर गाडीत उकुर मालेमला एवढंच म्हणाला, "स्वतःच्या छातीतली वस्तू किती दिवसांची आहे हे माहीत नाही, अशी बाई मी ऐकली नाही." मालेम म्हणाली, "नव्हतं माहीत." तो म्हणाला, "बरं." आणि त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पाच दिवस. दवाखान्याचे कागद केले, रक्तासाठी माणसं गोळा केली, मुलीला, लिसाला, आत्याकडे पोचवलं, सगळं केलं. पण बायकोशी शब्द नाही. मालेमनं आपल्याला फसवून लग्न केलं, तेरा वर्षं शेजारी झोपून फसवत राहिली, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आणि ते खोटं होतं. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाला त्याच्याशी बोलायची रीत नव्हती.

चौदा वर्षांपूर्वी मालेम तेवीस वर्षांची होती. लहानपणी तापानं सांधे धरले, त्याच तापानं हृदयाची झडप खाल्ली होती. ते कळायला उशीर झाला. तेव्हाचे डॉक्टर उंच, जावा बेटाकडचे, फार भराभर बोलणारे. मालेम पलंगावर उशांना टेकून धापा टाकत होती, तिच्या कानात काही शिरत नव्हतं. ते आईशीच बोलले. धातूची घातली तर टिकेल, पण गोळी जन्मभर, आणि पोट राहिलं तर गोळीपायी आईलाही धोका, बाळालाही. जनावराची घातली तर गोळी नको, मूल होईल. पण मुलगी तरुण आहे. दहा ते पंधरा वर्षं, मग पुन्हा छाती उघडायची.

"कुठलं जनावर?" तिनं विचारलं होतं.

"डुक्कर."

"मग बरं. ओळखीचं आहे."

डॉक्टर हसले होते. त्यांनी कागदावर लिहून दिलं. नांदे मालेम शाळेत दोन पावसाळे गेली होती; अक्षरं तिला लागत नसत, पण बाजारानं आकडे पक्के शिकवले होते. कागदावर एक दहा होता, मध्ये छोटी रेघ, पुढे पंधरा. बाकी सगळ्या मुंग्या. तिनं कागदाची घडी केली आणि मालेमला सांगितलं, "चांगली बसवणार आहेत. गोळी नको, मूल होईल." मालेमनं मान हलवली. आई सांगते ते खरं, यापलीकडे तिनं कधी काही विचारलं नव्हतं.

वर्षभरानं उकुरकडची मंडळी बोलणीला आली. चटईवर इकडे हे, तिकडे ते, मध्ये दोन्हीकडचे बोलणारे. तिकडच्या बोलणाऱ्यानं खाकरून विचारलं, मुलीची दुरुस्ती झाली आहे म्हणे, दुरुस्ती टिकाऊ आहे ना? नांदे मालेमनं आपल्या बोलणाऱ्याला सांगितलं, "विचार त्यांना, माझी संत्री मेदानहून कधी परत आलीत का?" चटईभर हशा पिकला. लग्न ठरलं.

पहिल्या वर्षी तपासणीला तीच मालेमला घेऊन गेली होती. दुसऱ्या वर्षी मालेम सासरी होती. दरवर्षी सून काळजाच्या दवाखान्यात जायला लागली तर सासरचे विचारणार, कशाला? मालेमनं तारखेचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही." झालं. झाकली मूठ राहिली झाकलेली.

त्यानंतर तो आकडा ती एकटीच वागवत आली. लिसा झाली तेव्हा तिनं मनात म्हटलं, तीन. लिसाचे दुधाचे दात पडले, नऊ. सिनाबुंग ज्वालामुखीची राख बागेवर पडून संत्री करडी झाली त्या साली लोक फळांसाठी रडत होते आणि ती दहा मोजत होती. मग तिनं दर आठवड्याला काबानजाहेला लेकीकडे जायचं सुरू केलं. शेजारणी म्हणाल्या, म्हातारी लेकीच्या घरचं फुकटचं जेवायला जाते. जाऊ दे, म्हणू दे. ती जायची ती मालेमला तीन पायऱ्या चढताना बघायला. मालेम वर पोचून नीट बोलली की ती परत फिरायची. बसमध्ये खिडकीशी बसून विचार करायची, सांगावं. लिसाची परीक्षा झाली की सांगावं, तोडणी झाली की सांगावं, नाताळ गेला की सांगावं. मन कुणापाशी मोकळं करणार? नवरा कधीच मातीत गेला होता. असे चार नाताळ गेले.

"आजीबाई, घ्या की. गरम आहेत."

एक जावाची बाई येऊन मधल्या खुर्चीवर बसली होती. हातात केळ्याची भजी, तेलकट कागदात. नाव सुमिनी, तिच्या नवऱ्याच्या काळजाच्या नळीत तार घालत होते आत. नांदे मालेमनं एक भजं घेतलं. आढेवेढे घ्यायला ती काही नवी नवरी नव्हती.

"तो उभा आहे तो तुमचा मुलगा?"

"जावई."

"मग बसत का नाही? मघापासून बघतेय मी." बाईनं उकुरला हाक मारली. "अहो दादा, बसा की. पाय मोडतील."

उकुर म्हणाला, "ठीक आहे मी."

"भांडलात का?" बाईनं आवाज उतरवून विचारलं.

"नाही. मान ठेवतो माझा."

"असला मान काय कामाचा?" सुमिनी म्हणाली. "माझा जावई माझ्या साबणानं अंघोळ करतो. वर विचारतो, आई, साबण का संपला."

दुसरी वेळ असती तर त्या जावयाच्या साबणावर नांदे मालेमनं बाजारभर पुरेल असं काही म्हटलं असतं. आज तिला सुचलं नाही. तिच्या मनात भलतंच आलं: ही मध्ये बसली आहे. तिसरं माणूस आहे. हिला म्हणावं, बाई, माझ्या जावयाला एवढं सांग. शब्द जिभेवर आले. पण परक्या बाईपुढं, तेलकट बोटं चाटणाऱ्या बाईपुढं, आपण खोटं बोललो म्हणायचं? तिनं भज्याचा घास गिळला आणि शब्द त्याच्याबरोबर गेले. तेवढ्यात दार उघडून कुणी सुमिनीच्या नवऱ्याचं नाव पुकारलं. ती भजी तिथंच टाकून धावली.

पुन्हा ती, थर्मास, आणि उभा उकुर.

सकाळचं तिला सारखं डोळ्यांपुढं येत होतं. मालेम ढकलगाडीवर आडवी, केस टोपीत कोंबलेले, चेहरा लिसाएवढा लहान दिसत होता. उकुर खाली कागद द्यायला गेला होता. मालेम म्हणाली, "आई, तो बोलत नाही माझ्याशी. मी अशीच आत जाऊ?"

"बोलू नकोस. दम लागेल."

"तुला खरंच आठवत नाही?"

नांदे मालेमनं चादर ओढली. "पाय झाक. आत गारठा असतो म्हणे."

गाडी गेली. चाक करकरत होतं, ते वळणापर्यंत ऐकू आलं. लेकीनं विचारलं आणि आईनं पाय झाकले. आत काही बरंवाईट झालं असतं तर मालेम नवऱ्याच्या डोक्यात लबाड म्हणून गेली असती, आणि आईच्या तोंडून तिच्या पदरात पडलेले शेवटचे शब्द गारठ्याचे असते. असतेच ना. आता तरी कुठं ती बाहेर आली होती?

मध्ये तिसरं कुणी नसलं तर भिंतीशी बोलावं, मडक्याशी बोलावं, कुत्र्याशी बोलावं, असं जुन्या बायका सांगत. ज्यानं ऐकायचं तो ऐकतो. नांदे मालेमला ते कायम हसण्यावारी न्यायची गोष्ट वाटत आली होती. मडक्याशी बोलतात ते एक तर वेडे नाही तर गरजू, आणि ती दोन्ही नव्हती. शिवाय आज तिला कळत होतं, या रीतीनं तिचा मान ठेवला तेवढाच तिला आडोसाही दिला. तेरा वर्षांत जावयाला समोर बसून विचारता आलं नाही, मामी, खरं काय ते सांगा. रीत नसती तर त्यानं कधीच विचारलं असतं. ती रीत पाळत नव्हती, तिच्यामागं दडून बसली होती.

तिनं थर्मास उचलला आणि मधल्या खुर्चीवर, भज्यांच्या कागदाशेजारी ठेवला.

"थर्मासा," ती म्हणाली. आवाज बसका निघाला. तिनं खाकरून पुन्हा म्हटलं. "थर्मासा, ऐक. माझ्या जावयाला सांग. मालेमला माहीत नव्हतं."

उकुरची पाठ भिंतीला होती. ती हलली नाही.

"मला माहीत होतं. डॉक्टर माझ्याशी बोलले, तिच्याशी नाही. दहा ते पंधरा म्हणाले. मी तिला सांगितलं नाही, त्याच्या माणसांना सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी तपासणीला जाऊ नको म्हणून मीच सांगितलं. परवा खाली डॉक्टरबाईला आठवत नाही म्हटलं ते खोटं. मला सगळं आठवतं. त्या दिवशी त्या डॉक्टरच्या खिशाला शाईचा डाग होता, तोसुद्धा."

मग तिनं पिशवीत हात घातला. कागद चुन्यानं एका कोपऱ्यात पांढरा झाला होता. हातात देता येत नव्हता. तिनं तो थर्मासखाली सरकवला आणि हात मागं घेतला.

उकुर आला. थर्मास उचलून कागद काढला, थर्मास पुन्हा होता तिथंच ठेवला. उभ्यानंच वाचला. वाचायला त्याला फार वेळ लागला, का तिलाच तसं वाटलं. मग तो थर्मासकडे बघून बोलला. आवाज वर नव्हता.

"थर्मासा, मामींना विचार. यात लिहिलंय ते त्यांना ठाऊक होतं? वर्षातून एकदा तपासणी, न चुकता. खाली रेघ मारलीये."

"सांग त्याला, आकडे कळत होते. बाकीचं वाचता येत नाही. कुणाकडून वाचूनही घेतलं नाही. घेतलं असतं तर दुसऱ्या कुणाला कळलं असतं."

तो म्हणाला, "मामींना सांग, मी काबानजाहे ते मेदान गाडी चालवतो. रोज एक फेरी. या दवाखान्याच्या दाराशी थांबतो, आजारी माणसं उतरवतो, धरून उतरवतो. तेरा वर्षं. एक माणूस जास्त उतरवायचं, एवढंच होतं. तेवढं मला जड झालं असतं का, विचार."

 सत्तर वर्षांत नांदे मालेमला प्रत्येकाला द्यायला उत्तर मिळालं होतं, भावकीला, दलालाला, पाद्रीबाबालासुद्धा.  आता तिनं सुमिनीची भजी कागदात गुंडाळून ठेवली.

"आणि हेही सांग," उकुर म्हणाला आणि त्यानं कागद खिशात घातला. मग तो थर्मासलाच म्हणाला, "पाच दिवस मी तिच्याशी बोललो नाही. आज सकाळीही नाही."

आणि तो बसला. त्याच दांड्यावर, पार टोकाच्या खुर्चीवर, मध्ये थर्मास. त्यानं कोपरं गुडघ्यांवर टेकली आणि डोकं हातांत धरलं. खुर्च्यांचा दांडा त्याच्या वजनानं जरासा दबला, ते नांदे मालेमला तिच्या बाजूला जाणवलं. पुढचे चार तास दोघं असेच बसून होते. एकदा तिनं झाकणात कॉफी ओतून थर्मासशेजारी ठेवली. ती तशीच गार झाली.

डॉक्टर मेउतियाबाई बाहेर आल्या तेव्हा दुपार उतरली होती. नीट झालं, त्या म्हणाल्या. जुनी झडप दगडासारखी झाली होती, काढायला वेळ गेला. धातूची बसली आहे. आता एकानं काचेतून बघून यायला हरकत नाही, एकानंच.

नांदे मालेम उठली. पहिल्यांदा आपण, ही तिच्या गुडघ्यांनाही पाठ झालेली गोष्ट होती. उठली आणि उभी राहिली. मग परत बसली.

"थर्मासा, त्याला सांग, जा म्हणावं."

मालेम तिसऱ्या दिवशी नीट शुद्धीवर आली. उकुर पलंगाशी वाकून तिला बराच वेळ काही सांगत होता. नांदे मालेम काचेबाहेर होती, ऐकू काही येत नव्हतं. त्यानं खिशातून कागद काढून दाखवला तो मात्र तिला ओळखू आला, चुन्याचा कोपरा वर होता. मालेमनं नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. तिचे ओठ हलले, त्यानं डोळे पुसले, ती हसल्यासारखीही वाटली. मग तिनं मान वळवून काचेकडे बघितलं. आईला तिनं बघितलं, हे नक्की. आणि तिनं मान परत तिकडे वळवली.

तेव्हापासून मालेम आईशी बोलली नाही. आली तर डोळे मिटायची. पेज भरवायला गेलं तर घास घ्यायची, शब्द द्यायची नाही. नांदे मालेमनं तक्रार केली नाही. आपणच दिलेला नासका माल परत येतो, एवढा बाजार तिनं केला होता.

घरी सोडलं त्या दिवशी उकुरनं आपलीच गाडी आणली होती. मागच्या बाकावर गादी घालून मालेमला निजवलं, लिसा तिच्या उशाशी. पुढं चालकाशेजारी एकच लांब बाक. एरवी मध्ये मालेम बसायची. नांदे मालेम पिशवी सावरत म्हणाली, "लिसा, बापाला सांग, मी दुसऱ्या गाडीनं येते."

 तिच्या हातात थर्मास नव्हता. तो उकुरनं केव्हाच घेतला होता. त्यानं तो पुढच्या बाकावर मधोमध ठेवला आणि त्याला सीटचा पट्टा लावला.

ती चढली.

सिबोलांगितच्या वळणांवर गाडी सावकाश गेली. इतकी सावकाश की मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले. वर गारवा लागला तशी उकुरनं एका टपरीशी गाडी थांबवली आणि इंजिन बंद करून पाणी आणायला उतरला. गाडीत शांत झालं. आणि मग नांदे मालेमला ते ऐकू आलं. टिक, टिक, टिक. मनगटी घड्याळ उशीखाली ठेवल्यासारखं.

"आजी, ऐकलंस?" लिसा म्हणाली. "आईच्या आतून येतंय."

मागून मालेमचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. "लिसा, आजीला विचार, ही किती वर्षं चालेल म्हणाले."

हे मालेमला डॉक्टरबाईंनी स्वतः सांगितलं होतं, एकदा नाही, तीनदा. आणि आई-लेकीत तिसरं माणूस घालायची रीत कुठल्याच गावात नाही. नांदे मालेमनं मागं वळून बघितलं नाही. समोरच्या काचेवर धुकं चढत होतं, त्याच्याकडे बघत ती बोलली.

"लिसा, तुझ्या आईला सांग. बहुतेक जन्मभर, पण त्याचीही हमी नाही. गोळी रोज, त्याच वेळेला. रक्त महिन्याला तपासायचं. हिरवा पाला एकदम जास्त खायचा नाही. कुठं लागलं, रक्त थांबेना, तर लगेच दवाखाना. हे सगळं मी ऐकलंय, तसं तुझ्या बापानंही ऐकलंय, कागद त्याच्याकडे आहे." तिनं तळहातानं काच पुसली. "आणि सांग, आधीचंही मला आठवत होतं."

लिसानं निरोप द्यायला तोंड उघडलं. मालेम म्हणाली, "राहू दे, बाळा. ऐकलं मी."

 उकुर आला, इंजिन सुरू झालं आणि ती टिकटिक गाडीच्या आवाजात बुडाली.

ब्रास्तागीला तिच्या फाट्याशी ती उतरली. बागेकडची वाट ओली होती, वर घरात दिवा नव्हता, लावायला कुणी नव्हतंच. लिसानं हात हलवला. मागची खिडकी बंदच राहिली. नांदे मालेमनं पानाची पिशवी काखेला मारली, डोक्यावरची घडी नीट केली आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली.

थर्मास बाकावरच होता, पट्टा लावलेला. ती तो विसरली नव्हती; पुढच्या खेपेला मध्ये कुणी तरी लागणार होतं.